वल्ह्याला लावलेला कान

सागरबाबाच्या समितीचं एक पत्र मला आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

जाड, गुळगुळीत कागद. वर निळ्या शाईत उडी मारणारा डॉल्फिन. खाली समितीच्या चिटणिसांची, म्हणजे बर्फाच्या कारखान्याच्या मालकांची, अर्धं पान अडवणारी सही. मजकूर असा, की येत्या महासमर्पण सोहळ्याचं अध्यक्षपद माझ्यासारख्या ज्ञानवृद्धाने भूषवावं आणि बाबांच्या अद्भुत शक्तीवर दोन शब्द बोलावेत. ज्ञानवृद्ध या शब्दातला निम्मा भाग खरा आहे. मी वाचनालयात ग्रंथपाल होतो. विद्वान पुस्तकं वाचतात. ग्रंथपाल ती परत आली का आणि पानं फाटली आहेत का ते बघतो.

'होकार' लिहिणं शक्य नव्हतं. 'नकार' लिहायला बसलो की पहिल्याच ओळीत अडायचो. बाबा लबाड आहे असं लिहावं, तर पुरावा कुठे? प्रकृती बरी नाही असं लिहावं, तर ते खोटं. शेवटी पत्र शब्दकोशाखाली सरकवलं आणि मालक विसरतील अशी आशा धरली. मालक काही विसरत नाहीत.

या सागरबाबाचा चमत्कार मी एकदा पाहिला होता, तो आधी सांगतो. आमचा किनारा विळ्यासारखा वाकडा आहे. एका टोकाला खडकाची काळी सोंड समुद्रात घुसली आहे, तिच्या पलीकडचं इकडून दिसत नाही. त्या दिवशी वाळूवर पाय ठेवायला जागा नव्हती. लंगडे, पांगळे, नोकरी नसलेले, लग्न न जमणारे, आणि नुसतेच बघायला आलेले. बाबा एका सजवलेल्या जुन्या होडीत बसला होता. होडी भरतीच्या रेषेवर, अर्धी वाळूत, अर्धी पाण्यात. तीच त्याची गादी.

"मी बोलवत नाही," बाबा ध्वनिक्षेपकावर घोळून घोळून म्हणाला, "मी फक्त आठवण काढतो. नाभीतून तरंग निघतो. तो पाण्याच्या अणूत शिरतो. अणू परमाणूला सांगतो, परमाणू माशाच्या मेंदूला सांगतो. शास्त्रज्ञ त्याला फ्रिक्वेन्सी म्हणतात. मी म्हणतो, प्रेम."

प्रेमाला फ्रिक्वेन्सी म्हटलं आणि फ्रिक्वेन्सीला प्रेम, की दोन्हींचा अर्थ सांगायची जबाबदारी संपते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग स्वयंसेवक ओरडले, "पाण्यात कुणी पाय टाकायचा नाही! तरंग चालू असताना पाय टाकाल तर जन्माचे लुळे पडाल!" सगळे चार पावलं मागे सरले. बाबाने डोळे मिटले आणि "हंऽऽऽ" असा सूर लावला. कर्ण्यांतून तो सूर एवढा मोठा यायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. बराच वेळ गेला. आणि खरोखरच काळ्या सोंडेला वळसा घालून करड्या पाठी दिसल्या. एकमेकींना चिकटून, घाईघाईने, सरळ किनाऱ्याकडे.

माझ्या अंगावरही काटा आला. खोटं कशाला बोलू?

दोन डॉल्फिन वाळूवर चढले. त्यांच्या डोळ्यांतून दाट, चिकट पाणी वाहत होतं. बाबाने ते चांदीच्या वाटीत धरलं. "भक्तीचे अश्रू!" बायका रडू लागल्या. एवढ्यात गर्दीतून एक बाई कोपरं मारत पुढे आली. ती आमच्या गावची गुरांची डॉक्टर. लहानपणी वाचनालयाच्या जमिनीवर पालथी पडून प्राण्यांची पुस्तकं वाचायची, म्हणून मला अजून काका म्हणते.

"अहो, मरतायत ते! पाण्यात ढकला!"

"मरत नाहीत बाई, मुक्त होतायत," एक स्वयंसेवक तिला अडवत म्हणाला.

"मुक्तच होते की! समुद्रात होते!"

तिला दोघांनी दंडाला धरून बाहेर काढलं. डॉल्फिन दुपारपर्यंत मेले. त्यांची चरबी तंबूमागे वितळवली गेली, आणि संध्याकाळी 'समर्पण तेल' नावाच्या बाटल्यांसमोर रांग लागली. त्या रांगेत माझी थोरली बहीण होती.

ताईचे गुडघे गेले आहेत. आम्ही दोघंच राहतो; ती मला जेवू घालते आणि दिवसातून चार वेळा माझी अक्कल काढते. तेल आल्यापासून तिने सांधेदुखीच्या गोळ्या बंद केल्या होत्या.

"ताई, पाय सुजलेत तुझे. गोळी घे."

"गोळ्या उंदरांना घाल. त्यांचे सांधे बघ बरे होतात का."

"त्या तेलात काय आहे ते कुणाला ठाऊक?"

"तुला ठाऊक नाही, मला आहे. जीव आहे त्यात." ती गुडघा चोळता चोळता थांबली. "लहानपणी आपल्या वडिलांच्या होडीतून आपण बघायचो त्यांना, आठवतं? हात लांबवला की दूर जायचे. तेच आज स्वतःहून येतात. माझ्या गुडघ्यांसाठी जीव देतात. माणसांत करतं का रे असं कोणी? तू करशील?"

मी चष्मा पुसला. दुसरं काय करणार?

सोहळ्याच्या आदल्या आठवड्यात डॉक्टर वाचनालयात आली. निवृत्त झालो तरी मी तिथेच खिडकीजवळ बसतो. तिने खुर्ची ओढली आणि प्रस्तावना न करता सुरुवात केली.

"काका, मेलेल्यांपैकी एक मला मिळाली. कापून बघितली. आजार नाही, जखम नाही, पोटात ताजे मासे. आणि अंगावर दूध होतं. पिल्लू पाजणारी आई कुणाला मुक्ती द्यायला निघाली होती?"

"आणि ते अश्रू?"

"खारं पाणी झोंबू नये म्हणून डोळ्यांतून तसा चिकट पदार्थ येतच असतो त्यांच्या. जन्मभर येतो. पाण्यात दिसत नाही, वाळूवर दिसतो." तिचा आवाज चढला, तशी एका वाचकाने वर्तमानपत्रामागून मान काढली. "आधीच काय कमी संकटं आहेत का त्यांच्यावर? जाळ्यात अडकतात आणि बुडून मरतात. हो, बुडून! मासे नाहीत ते, आपल्यासारखी हवा लागते. जहाजांचे पंखे पाठी फाडतात. इंजिनांच्या गोंगाटात पिल्लाला आईची शीळ ऐकू येत नाही. नद्यांतून येणारं विष त्यांच्या चरबीत साठत जातं, आणि तीच चरबी बाटलीत भरून तुमची ताई गुडघ्याला चोळते. आता या किनाऱ्याला एकच कळप उरलाय. आणि हा माणूस म्हणतो, महासमर्पणाला सगळा कळप आणीन."

"आणेल?"

"मागे दोनदा आणलेत थोडे थोडे. कुणीतरी मागून हाकलल्याशिवाय ते एवढ्या उथळ पाण्यात येणार नाहीत. पण कोण हाकलतं, कसं, ते कळत नाही. आणि मालकाला काय, मच्छीमार ओरडतात की मासे कमी झाले, तर डॉल्फिनच खातात असं सांगायला त्याला बरं. त्याच्या स्वतःच्या ट्रॉलर बारीक जाळ्यांनी बोटाएवढी पिल्लंसुद्धा उपसून नेतात, ते कुणी विचारत नाही."

तेव्हा मला काहीतरी आठवलं. कुठेतरी वाचलं होतं, की काही देशांत होड्यांची रांग करतात, लोखंडी नळ पाण्यात सोडतात आणि वरून हातोडीने ठोकतात. डॉल्फिनचं सगळं जग आवाजाचं; त्या ठोक्यांची त्यांच्यासाठी भिंत होते, आणि ते भिंतीपासून पळत किनाऱ्याला लागतात.

मी हे चाचरत सांगितलं. डॉक्टर ताडकन उठली. "काका! कुठल्या पुस्तकात?"

"आठवत नाही."

"आठवा!"

मी कपाटं पालथी घातली. पुस्तक मिळालं नाही. मग मलाच शंका आली की मी ते वाचलं होतं का स्वप्नात पाहिलं होतं. डॉक्टर बंदराच्या कचेरीत जाऊन आली. साहेब म्हणाले, लेखी काही असेल तर आणा, नाहीतर लोकांच्या भावना दुखावतील. समुद्रातल्या भावनांसाठी त्यांच्याकडे खिडकी नव्हती.

सोहळ्याच्या सकाळी दारात मोटार उभी राहिली.

"चला सर," मालकांचा माणूस म्हणाला.

"मी होकार कळवला नव्हता."

"नकार पण नाही कळवलात! मालक म्हणाले, गप्प आहेत म्हणजे येतायत. फलक छापून झालाय."

ताई नटूनथटून आधीच मोटारीत बसली होती. अध्यक्षांची बहीण म्हणून तिला रुग्णांच्या पहिल्या रांगेत, होडीला लागून खुर्ची मिळणार होती. "आयुष्यात एकदा तरी कामाला आलास," ती म्हणाली.

मी अध्यक्ष झालो तो असा.

व्यासपीठ होडीशेजारीच होतं. मागे फडफडणाऱ्या कापडी फलकावर माझं नाव बाबाच्या नावाखाली, मालकांच्या नावाखाली, पण मंडपवाल्याच्या नावाच्या वर होतं. बाबाने हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे झुकून हळूच विचारलं, "ध्वनिक्षेपक धरता येतो ना? दोन शब्द बोला आणि बसा. पुस्तकातलं काही काढू नका."

"नाही काढत," मी म्हणालो. काढायला पुस्तक होतं कुठे?

स्वयंसेवकांनी पाय न टाकण्याची आरोळी दिली. बाबाने सूर लावला. ध्वनिक्षेपक माझ्या हातात होता. गर्दीच्या कडेला डॉक्टर दिसली; दोन दांडगे स्वयंसेवक तिच्यापुढे हात पसरून उभे होते. ती माझ्याकडे बघत होती. माझ्याकडून काही होईल असं कुणाला कधी वाटल्याचं मला आठवत नाही, पण तिला वाटत असावं.

आणि माझी नजर होडीच्या वल्ह्यांवर गेली.

आमचे वडील होडी चालवायचे. इंजिनं येण्याआधी आमच्याकडे कुणी जाळं असंच फेकत नसे. आधी वल्हं ऐकायचं. पातं पाण्यात खोल सोडायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, दुसऱ्या कानात बोट घालायचं. पाण्याखालचं सगळं लाकडातून वर येतं. माशांचा थवा जवळ असला तर कुरकुर ऐकू येते, दुरून येणारी होडी दिसण्याआधी ऐकू येते. ताईचा कान त्यात तयार होता, माझा कधीच नव्हता. इंजिनं आली, त्यांच्या धडधडीत काही ऐकू येईना, आणि ही रीत लोक विसरले. समितीने मात्र हौसेने होडी सजवली होती, आणि सजवताना वल्ह्यांना झिरमिळ्या लावून ती जागच्या जागी ठेवली होती.

पाय टाकायला बंदी होती. वल्हं टाकायला नव्हती.

मी व्यासपीठावरून उतरलो आणि ताईजवळ वाकलो. "ताई, वल्हं ऐकतेस का?"

"आत्ता? वेड लागलंय का तुला?"

"मला ऐकू कमी येतं, माझा भरवसा नाही. तू ऐक. बाबांचा नाद पाण्यात कसा जातो ते तरी कळेल."

हे तिला पटलं. "ऐकते. म्हणजे तुझी शंका एकदाची मिटेल." तिने झिरमिळ्या ओरबाडल्या, खुर्चीतूनच वल्हं पाण्यात खोल सरकवलं, मूठ कानामागे टेकवली, दुसऱ्या कानात बोट खुपसलं आणि डोळे मिटले.

मी तिचा चेहरा बघत होतो. आधी तो भाविक होता. मग कपाळाला आठी पडली. मग तिने मूठ काढली, पुसली आणि पुन्हा टेकवली.

"काय ऐकू येतंय?"

"बाबा नाहीत यात."

"म्हणजे?"

"सूर नाहीच आत. एवढा बोंबलतोय, पाण्यात त्याचा टिपूस नाही." ती बाबाला 'तो' म्हणाली हे तिच्या लक्षातही आलं नाही. "ठोकतंय कुणीतरी. लोखंडावर लोखंड. ठण्, ठण्, ठण्. सोंडेपलीकडून. आणि त्यांच्या शिट्ट्या... अरे, केवढ्या घाबरल्यात त्या!"

करड्या पाठी वळसा घेऊन दिसू लागल्या. या वेळी खूप. गर्दीने जल्लोष केला. ताईने डोळे उघडले. तसे तिचे डोळे आमची आई गेली त्यानंतर मी पाहिले नव्हते.

"ध्वनिक्षेपक आण इकडे," ती म्हणाली.

"ताई, लोक..."

"आण म्हणते ना!"

मी ध्वनिक्षेपक वल्ह्याच्या मुठीवर दाबून धरला. कर्ण्यांतून आधी खरखर आली, मग बाबाच्या सुरातून अंधुक, पण नेमका ठोका. ठण्. ठण्. ठण्. बाबाचा सूर तुटला. तो तुटला तसा ठोका स्वच्छ ऐकू येऊ लागला. आणि गंमत अशी, की नाभीतला तरंग थांबला तरी डॉल्फिन येतच होते.

"वायर काढा!" मालक ओरडले. कर्णे मुके झाले. "म्हातारा सैतान आहे! सोहळा बाटवला!" कुणीतरी मला ढकललं, माझा चष्मा वाळूत पडला. "मारा त्याला!" हेही ऐकू आलं. एवढं ऐकण्यापुरता माझा कान ठीक आहे.

ताई खुर्चीतून उठली. उठली हा चमत्कार नव्हता. रागाने माणूस दुखणं विसरतो, आणि नंतर चार दिवस भोगतो. ती सरळ गुडघाभर पाण्यात शिरली.

"झाले का लुळे माझे पाय? आधीच लुळे आहेत, आणखी काय होणार! मुडद्यांनो, आपल्याच कानाने ऐका ना! डोकं घाला पाण्यात! वापरायचं नसलं तरी भिजवायला हरकत नाही!"

कुणीतरी हसलं. एक मच्छीमार पाण्यात उतरला, नाक धरून बुडाला आणि वर येऊन शिवी हासडली. मग दुसरा. मग वीसेक. मग किनाराभर माणसं ओणवी, डोकी पाण्यात. बाबापुढे एवढ्या माना कधी वाकल्या नव्हत्या.

ज्यांनी ऐकलं, त्यांतल्या तरण्या मच्छीमारांनी होड्या लोटल्या. सोंडेपलीकडे बर्फाच्या कारखान्याच्या दोन होड्या सापडल्या. प्रत्येकीच्या कडेला लोखंडी नळ पाण्यात सोडलेला, खालचं तोंड कर्ण्यासारखं पसरलेलं, वर हातोडीवाला. ठोकणं थांबलं. डॉक्टर तोवर पाण्यात पोचली होती. "सगळे गप्प! मध्ये वाट सोडा!" सगळा कळप उथळ पाण्यात घोळत होता. आवाजाची भिंत पडल्यावर एक वळला, त्याच्यामागे दुसरा, आणि मग सगळे बाहेर निघाले.

एक पिल्लू मात्र वाळूवर चढलं होतं. स्वतःच्याच वजनाने त्याची छाती दबत होती. डॉक्टरने इकडेतिकडे बघितलं आणि व्यासपीठामागचा फलक ओढून काढला. तो ओला करून पिल्लाखाली सरकवला, सहाजणांनी टोकं धरली, आणि पिल्लू माझ्या नावावर पडून समुद्रात परत गेलं. माझ्या नावाचा याहून चांगला उपयोग मला तरी करता आला नसता.

इथे गोष्ट गोड व्हायला हवी, पण तशी ती झाली नाही. होडीवाल्यांना दंड झाला. मालकांनी त्यांना ओळखच दाखवली नाही. बाबा म्हणाला, माझ्या नावावर काळा डाग लावायला शत्रूंनी ठोकाठोकी केली. निम्मं गाव आजही म्हणतं की आम्ही बहीणभावाने गावाचं नशीब घालवलं. किराणावाला माझ्याशी बोलत नाही. वाचनालयाच्या काचेवर दगड आला. माझं चुकलं का, असं मी अजूनही अधूनमधून स्वतःला विचारतो. तो माझा स्वभावच आहे. मग ताईला विचारतो. ती म्हणते, "गोळी आण माझी आणि गप्प बस."

समर्पण तेलाची तिची बाटली अर्धी उरली होती. फेकून समुद्रात विष कशाला, म्हणून तिने ते दाराच्या बिजागरीत ओतलं. बाबाच्या तेलाने आमच्या घरातला तेवढा एकच सांधा बरा झाला.

आणि काल डॉक्टरने एक हस्तपत्रक आणून माझ्यापुढे टाकलं. किनाऱ्यावरच्या पुढच्या गावात बाबाचं महासमर्पण. खाली बारीक अक्षरात, 'मागील सोहळ्याचे अध्यक्ष: ज्ञानवृद्ध ग्रंथपाल', आणि माझं नाव.

"काका, तुम्ही अजून नाही म्हणाला नाहीत त्यांना," ती म्हणाली.

मी शब्दकोश उचलला. पत्र होतं तिथेच होतं. या वेळी एकही मसुदा फाडला नाही.

"माननीय चिटणीस, आपल्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. अध्यक्षपद मला मान्य नाही, तेव्हाही नव्हतं. माझं नाव पुन्हा छापू नये. आपल्या बाबांचा सूर पाण्यात पोचत नाही. तो हवेत निघतो आणि पाण्याच्या पाठीवर आपटून परत फिरतो. पाण्यात पोचतो तो हातोडीचा ठोका. माझ्यावर विश्वास ठेवू नये, माझे कान अधू आहेत. पुढच्या गावातल्या लोकांनी पाण्यात उतरावं, डोकं बुडवावं आणि स्वतः ऐकावं. जो माणूस म्हणतो की बघा पण ऐकू नका, या पण पाय टाकू नका, त्याला विचारावं की का नको. समुद्रात मासे का कमी झाले हेही विचारावं, आणि उत्तर डॉल्फिनच्या पोटात शोधण्याआधी आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यांत शोधावं. याची एक प्रत त्या गावच्या वाचनालयाला पाठवत आहे. तिथले ग्रंथपाल ती फलकावर लावतील अशी आशा आहे. ते भित्रे असतील, तर त्यांना सांगावं की मीही होतो."

ताईने दोन्ही पाकिटं उलटसुलट करून बघितली, तिकिटं नीट चिकटली आहेत का ते अंगठ्याने दाबून पाहिलं आणि माझ्या हातात दिली. "आता परत येताना पेटीत हात घालून काढू नकोस म्हणजे झालं."

पेटी कोपऱ्यावरच आहे. दोन्ही पाकिटं आत पडल्याचा आवाज मला आला नाही, म्हणून मी पत्र्याला कान लावला. मग हसू आलं, आणि घरी आलो.